ओठावरचा जर

आषाढात उल्हास नदीचे पाणी गढूळ होऊन काठावर चढू लागले, दहिवलीपासून कडावपर्यंतच्या खाचरांत आवणीची धांदल उडाली आणि सर्दीतापाची साथ घराघरांतून फिरू लागली, की माझ्या पाच वर्षांच्या नातीलाही दोन-तीन दिवस ताप येतो. आणि तो उतरण्याच्या बेतात असतानाच तिच्या खालच्या ओठाच्या उजव्या कडेला, दर वेळी अगदी त्याच जागी, मोहरीच्या दाण्यांएवढ्या पाणीदार पुटकुळ्यांचा एक पुंजका उठतो. आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका ‘जर उठला’ एवढेच म्हणून तुपाचे बोट लावतात. ठाकूरवाडीवरून पावसाळी भाज्या घेऊन येणारी मावशी ‘रात्री कोळी फिरला असेल तोंडावरून’ असे निदान करते. आणि माझ्या सुनेने जेव्हा मोबाइलवर या पुटकुळ्यांचे डॉक्टरी नाव शोधून काढले, तेव्हा ती त्या नावाने इतकी हादरली की चार दिवस तिने ते कोणाजवळ उच्चारलेही नाही. दुखण्यापेक्षा दुखण्याच्या नावाचाच धसका घेणाऱ्या तिच्यासारख्या आया कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांत मी आणखीही पाहिल्या आहेत, आणि हे लिहायला बसलो आहे तो मुख्यत्वे त्यांच्यासाठी.

म्हणून प्रथम नावाविषयीच सांगतो. ‘हर्पिस’ हा मूळ ग्रीक शब्द असून सरपटणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला, आणि तो ग्रीक धातू व संस्कृतातील ‘सृप्’ हे एकाच मुळाचे दोन फाटे होत. म्हणजे आपला ‘सर्प’, आपले ‘सरपटणे’ आणि अंगावर पसरत जाणाऱ्या रोगाला आयुर्वेदाने दिलेले ‘विसर्प’ हे नाव, ही सगळी त्या परक्या वाटणाऱ्या शब्दाची भावंडेच आहेत. छातीवर वा कमरेभोवती पट्ट्यासारखे उठणाऱ्या फोडांना आपण ‘नागीण’ म्हणतो, त्यामागेही कल्पना तीच. मात्र शब्दांच्या या सोयरिकीवरून रोगही एकच असे समजण्याची चूक करू नये. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा अनेक वर्षांनंतर होणारा उद्रेक. विसर्पाची लक्षणे त्याहून निराळी. आणि मुलाच्या ओठावरचा जर हे ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ नावाच्या विषाणूच्या पहिल्या प्रकाराचे काम. याच विषाणूचा दुसरा प्रकार मुख्यत्वे लैंगिक संबंधातून पसरतो, आणि सुनेला बसलेला धसका हा त्या दुसऱ्या प्रकाराच्या बदनामीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी माणसांच्या, म्हणजे शंभरातील चौसष्टांच्या, शरीरात हा पहिला प्रकार वस्तीला आहे. त्यांतील पुष्कळांना आयुष्यात एकही पुटकुळी येत नाही, आणि आपल्याजवळ तो आहे याची गंधवार्ताही नसते.

आपल्या आजीबायांच्या ‘जर’ या शब्दाचे ज्वराशी असलेले नाते कानालाच कळते, आणि ज्यांनी हा शब्द रूढ केला त्यांनी सूक्ष्मदर्शक न पाहताही कार्यकारणाची निम्मी बाजू अचूक हेरली होती, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. ताप हे जर उठण्याचे सर्वांत ठळक निमित्त आहे. चुकते ते एवढेच, की ‘ताप फुटून बाहेर पडला, आता बरे झाले’ असे समजून या पुटकुळ्यांना शुभलक्षण मानले जाते आणि ते पाणी सांसर्गिक असते ही गोष्ट नजरेआड होते.

हा विषाणू मुलाच्या शरीरात येतो कसा, या प्रश्नाचे उत्तर देताना लेखणी क्षणभर अडखळते, कारण तो बहुतेक वेळा प्रेमातूनच येतो. कोणा मावशीने घेतलेला पापा, आजोबांच्या पेल्यातले घोटभर पाणी, खीर गार झाली की नाही हे स्वतःच्या ओठाला लावून पाहिलेला आणि लगेच बाळाच्या तोंडात घातलेला चमचा, एवढे त्याला पुरते. हा रोग माणसाकडून माणसाला होतो हे व्हिदाल या फ्रेंच वैद्याने १८७३ मध्ये दाखवले. पुढे हेही कळून आले की ओठावर काहीही दिसत नसताना मोठ्या माणसाच्या लाळेतून तो अधूनमधून बाहेर पडत असतो. तेव्हा ‘कोणी दिला?’ अशी घरात चौकशी मांडून एखाद्या नणंदेला वा सासूला गुन्हेगार ठरवणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे. आपल्याकडे ‘उष्टे’ या कल्पनेचा केवढा दरारा! परंतु लहान मुलाच्या बाबतीत मायेने तो कधीच मानलेला नाही, आणि एका खोलीत सहा-सात माणसे निजणाऱ्या घरांत तो मानावा म्हटले तरी मानता येत नाही.

पहिली भेट आणि पुढच्या भेटी यांत मोठे अंतर असते, आणि पालकांनी खरी जपणूक करायची ती या पहिल्या भेटीत. साधारणपणे सहा महिने ते पाच वर्षे या वयात हा संसर्ग प्रथम होतो. पुष्कळ मुलांत तो काही न दाखवता निघून जातो. पण काहींना मोठा ताप भरतो, हिरड्या लालभडक होऊन सुजतात, हात लागताच त्यांतून रक्त येते, जीभ, गाल आणि ओठ यांच्यावर लहान लहान व्रण पडतात, तोंडातून लाळेची धार लागते आणि मूल अन्नपाण्याला तोंड लावू देत नाही. माझ्या नातीला हे सारे दीड वर्षाची असताना झाले, आणि आम्ही शहाण्या माणसांनी तीन दिवस ‘दात येताहेत’ म्हणून घालवले. ही चूक मी आज मुद्दाम नमूद करतो, कारण ती फार सार्वत्रिक आहे. मुलाच्या अशा तोंडाच्या दुखण्याचे मूळ हाच विषाणू आहे, हे अमेरिकेत कॅथरिन डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये सिद्ध केले. दात येण्याने लाळ गळते आणि हिरड्या सळसळतात, पण १०२-१०३ अंशांचा ताप आणि तोंडभर व्रण दातांमुळे येत नाहीत.

हे दुखणे दहा ते चौदा दिवस चालते, आणि त्यात जिवाला धोका असतो तो व्रणांपासून नव्हे, तर पाणी तुटण्यापासून. तोंड इतके आगीसारखे जळत असते की तहानेने व्याकुळ झालेले मूलही पेला पाहून मान फिरवते. अशा वेळी वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे, अर्धा तास थांबावे, आणि दुखणे थोडे बोथट झाले की त्या अवधीत चमच्या-चमच्याने जेवढे जाईल तेवढे घालावे: गार दूध, थंड केलेले नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, मऊ गुरगुट्या भात, आणि आशाताईंकडे वा अंगणवाडीत मिळणाऱ्या पुडीचे क्षारसंजीवनीचे पाणी. आमच्या मुलखात आजारी माणसाला पेज हे पहिले पथ्य. पण या दुखण्यात ती कोमट न देता पूर्ण गार करून आणि मीठ अगदी बेताचे घालून द्यावी, आणि आमसुलाचे सार, लिंबू, चटणी यांना पंधरा दिवस रजा द्यावी. अ‍ॅस्पिरिन लहान मुलाला मुळीच देऊ नये. तोंड बधिर करणारी जेलही आपल्या मनाने लावू नये. आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, जीभ कोरडी पडली वा मूल मलूल होऊन निपचित पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. पेज नदीच्या खोऱ्यातील वाड्यांना कशेळ्याचे आणि खालापूरकडील लोकांना चौकचे ग्रामीण रुग्णालय जवळ पडते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पहिल्या दुखण्यात विषाणूविरोधी औषध पोटात देता येते, पण त्याची मुदत तोकडी आहे. इस्रायलमध्ये झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७२ मुलांना दुखणे सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध वा त्यासारखे दिसणारे निरुपद्रवी द्रव्य देण्यात आले, तेव्हा औषध मिळालेल्यांच्या तोंडातील व्रण सुमारे चार दिवसांत गेले आणि इतरांचे दहा दिवसांत. आमचे ते तीन दिवस दातांच्या खाती जमा झाले.

व्रण भरतात, मूल पुन्हा हुंदडू लागते, पण विषाणू मात्र शरीर सोडून जात नाही. ओठाच्या त्वचेतील ज्ञानतंतूच्या टोकात तो शिरतो, त्या तंतूच्या आतून वर चढत जातो, आणि चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या तीन शाखांच्या मज्जातंतूचा जो गठ्ठा कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूस आत असतो, त्या गठ्ठ्यातील पेशींत जाऊन स्वस्थ पडतो. असे काही असावे हा तर्क गुडपाश्चर या संशोधकाने १९२९ मध्ये केला होता. प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो स्टीव्हन्स आणि कुक यांनी १९७१ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून. ज्यांनी सातबाराचा उतारा हाताळला आहे त्यांना ही स्थिती समजावून सांगायला नको. जमीन तुमची, कब्जा तुमचा, पीकपाहणीही तुमच्या नावाची. परंतु ‘इतर हक्क’ या रकान्यात एक जुने नाव लिहिलेले असते, ते वर्षानुवर्षे काही बोलत नाही, आणि मामलेदारापासून कलेक्टरपर्यंत कितीही अर्ज केले तरी ते खोडले जात नाही. या विषाणूला त्या गठ्ठ्यातून बेदखल करणारे औषध आजतागायत निघालेले नाही, लसही निघालेली नाही. म्हणून ‘मुळापासून घालवतो’ असे सांगून पैसे घेणारा कोणीही, मग त्याच्याजवळ काढा असो, गंडा असो वा इंजेक्शन असो, पालकांना फसवतो आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

निमित्त मिळाले की हा विषाणू त्याच तंतूतून खाली उतरतो, आणि म्हणूनच जर दर वेळी त्याच जागी उठतो. तापाचे निमित्त सांगितलेच. त्याशिवाय जागरण, थकवा, मनावरचा ताण, ओठाला लागलेला मार वा दाताचे काम, यांचीही गणना करतात. पण आमच्या तालुक्यांत पावसाळी तापाच्या खालोखाल पाहावे ते उन्हाकडे. होळी झाली की घाटाच्या पायथ्याशी हवा कोंडते, राब भाजलेली शेते काळी पडतात, आणि कापणी झालेल्या मोकळ्या खाचरांत भर दुपारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर टोपीही नसते. उन्हातील अतिनील किरण जर उठवतात, हे केवळ अनुमान नाही. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, ज्यांना वारंवार जर उठतो अशा ३८ प्रौढांच्या ओठांवर मुद्दाम असे किरण पाडले. नुसता साधा लेप लावला होता तेव्हा त्यांपैकी २७ जणांना जर उठला, आणि ऊनरोधक लेप लावल्यावर कोणालाही उठला नाही. एवढ्या स्वस्त उपायाचा एवढा स्पष्ट गुण वैद्यकात क्वचितच पाहायला मिळतो. रुंद काठाची टोपी, आणि ऊनरोधक गुणांक ३० असलेला ओठांचा बाम दर दोन तासांनी. माथेरानला जाताना, जत्रेला जाताना, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर रोज. हे लिहिताना मला दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी कातकरी कुटुंबे आठवतात. त्यांची मुले दिवसभर त्या रखरखाटात असतात, आणि बामाची डबी ही त्यांच्या हिशेबातली वस्तू नव्हे. तेथे निदान पालाच्या कडेला सावलीचा एक कोपरा, डोक्याला भिजवलेले फडके आणि पिण्यासाठी मुलाचा स्वतःचा पेला, एवढे तरी भट्टीच्या मालकाकडून मागून घेण्याचा हक्क त्या आईला आहे, असे मी मानतो.

आता मलमांविषयी. ‘अ‍ॅसायक्लोव्हिर’ हे या विषाणूवरचे मुख्य औषध ज्या संशोधनातून आले, त्याच्या अग्रभागी गर्ट्रूड इलियन ही न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली विदुषी होती. डॉक्टरेटची पदवी नसताना तिने आयुष्यभर औषधे घडवली, आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक तिला इतर दोघांबरोबर मिळाले. या औषधाची युक्ती मोठी मनोहर आहे. निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रिय राहते. विषाणूने व्यापलेल्या पेशीत विषाणूचेच एक विकर त्याला जागे करते, आणि मग ते त्याच विषाणूची वाढ रोखते. पण जो विषाणू गठ्ठ्यात निजलेला आहे, तो ते विकर बनवतच नाही, म्हणून तेथे औषध हात टेकते. ओठावर लावायच्या मलमाचा गुण तर त्याहून माफक: पुटकुळी उठण्यापूर्वी, जागा चुरचुरू लागताच, दिवसातून पाच वेळा लावले तर दुखणे अर्ध्या-एक दिवसाने आटोपते. न्यूझीलंडमध्ये ९५२ प्रौढांवर झालेल्या एका तुलनेत हे मलम आणि शुद्ध करून औषधासाठी तयार केलेला मध यांच्या गुणांत फरक आढळला नाही, ही गोष्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यावरून कोणी रानातला मध बाळाच्या ओठावर चोपडू नये. एक वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवणे धोक्याचे असते. ज्या मुलाला वर्षातून पाच-सहा वेळा वा त्याहून अधिक जर उठतो, त्याला काही काळ पोटात औषध द्यावे काय, हे बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

जे सर्वस्वी टाळावे ते मात्र ठासून सांगतो. नातीला दुसऱ्या वेळी जर उठला तेव्हा आमच्या घरात एका दुकानातून ‘सगळ्या त्वचारोगांवर चालते’ म्हणून एक ट्यूब आली, आणि दोन दिवसांत हरभऱ्याएवढा जर रुपयाएवढा झाला. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. स्टेरॉइड लालसरपणा दाबते, त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते, आणि विषाणूला मोकळे रान मिळते. तीव्र स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना अनुसूची एचच्या कक्षेत आणले. कायद्याची अंमलबजावणी दुकानाच्या फळीवर होईल तेव्हा होवो, आईने मात्र ट्यूबवरील घटकांची नावे डॉक्टरांना दाखवल्याखेरीज झाकण उघडू नये. चुना, टूथपेस्ट, विडीची राख यांनी नाजूक कातडी भाजते. आजीचे तुपाचे बोट मला त्या मानाने पसंत आहे. स्वच्छ तूप वा साधी व्हॅसलीन खपलीला मऊ ठेवते, चिरू देत नाही. फक्त ते बोट पुन्हा तुपाच्या भांड्यात जाऊ नये.

सात ते दहा दिवसांचा हा क्रम ठरलेला आहे: चुरचुर, पुटकुळ्या, फुटून ओला व्रण, मग खपली. खपली धरेपर्यंत स्पर्शाने पसरण्याची भीती अधिक. मुलाची नखे कापावीत, खपली खरवडू देऊ नये, अंगठा चोखण्याची सवय असेल तर अंगठ्याकडेही लक्ष ठेवावे, कारण तेथेही असे फोड उठू शकतात. टॉवेल वेगळा असावा, हात वारंवार धुवावेत. परंतु पेला आणि ताट वेगळे करण्याच्या बाबतीत मला एक विनंती करायची आहे. आपल्या समाजात वेगळ्या ताटाचा आणि उंचावरून ओतलेल्या पाण्याचा इतिहास काय आहे, हे या मुलखातील वाड्या-वस्त्यांना सांगावे लागत नाही. ओठावर खपली असलेल्या मुलाला एकट्याला बाजूचे ताट वाढले, तर ते त्याच्या मनात काय लिहून जाईल? आमच्याकडे सुनेने बाजारातून पाच रंगांचे पाच पेले आणले आणि घरातील प्रत्येकाला, मलासुद्धा, एकेक नेमून दिला. शाळेविषयीही तेच. केवळ ओठावर जर आहे म्हणून मुलाला अंगणवाडीतून वा शाळेतून परत पाठवण्याचे कारण नाही. पहिल्या दुखण्यात तोंडभर व्रण आणि लाळेची धार असेल तेव्हाच त्याने घरी राहावे. बाईंना आधी भेटून हे सांगून ठेवले, तर वर्गात चिडवाचिडवी होत नाही.

ओठाजवळचे सगळेच फोड जर नसतात, हेही येथेच सांगून टाकतो. मधासारखी पिवळी खपली धरून पसरणारे फोड जिवाणूंचे असू शकतात, ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा पोषणाच्या उणिवेच्या असू शकतात, आणि तोंडाबरोबर तळहात-तळपायांवरही पुरळ असेल तर दुखणे अगदीच वेगळे. म्हणून पहिल्या खेपेस निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

आणि तीन ठिकाणी घरगुती उपचाराला मुळीच वाव नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत. हा विषाणू बुबुळावर व्रण पाडून दृष्टी घालवू शकतो, आणि घरातले जुने थेंब, ज्यांत स्टेरॉइड असू शकते, ते घालणे तर विषाची परीक्षा होय. इसब असलेल्या मुलाच्या अंगावर पुटकुळ्या झपाट्याने पसरू लागल्या, किंवा तापात मूल बरळू लागले, झटके आले, तरी तसेच. तिसरे ठिकाण म्हणजे पाळणा. पहिल्या सहा आठवड्यांतील बाळाला हा विषाणू लागला तर तो ओठावर थांबत नाही; यकृतात, मेंदूत पसरून तो प्राणावर बेतू शकतो, आणि दूध न ओढणे वा नुसती सुस्ती एवढेच त्याचे पहिले चिन्ह असू शकते. त्यामुळे ज्याच्या ओठावर जर आहे अशा कोणीही, मग ती सख्खी आजी असो, बाळाचा मुका घेऊ नये. आशाताई जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत घरी येऊन बाळ पाहून जातात; दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळीसाव्या दिवशी. घरात कोणाला जर असेल, तर ते त्यांना आपण होऊन सांगावे.

आमच्या भिंतीवरील कालनिर्णयावर सून आता तारखांना लाल गोल करते: कोणत्या दिवशी ताप, कोणत्या दिवशी ऊन, कोणत्या दिवशी जर. दोन वर्षांच्या गोलांवरून आषाढ आणि चैत्र हे दोन महिने ठळक दिसतात, आणि दुसऱ्या वर्षीचे गोल पहिल्यापेक्षा दोनाने कमी आहेत. नातीलाही पुटकुळीच्या आधीची चुरचुर ओळखता येऊ लागली आहे. ‘आजी, मुंग्या आल्या’ म्हणून ती स्वतःच बोट दाखवते. यंदा तिच्या आत्याच्या मुलीचे बारसे खोपोलीला होते आणि नेमका आदल्या दिवशी तिच्या ओठावर जर उठला. नेऊ नये असा एक विचार होता. तिच्या आईने तिला जवळ घेऊन एवढेच सांगितले, की या वेळी बाळाचा पापा नाही घ्यायचा, खपली पडून ओठ चांगला बरा झाल्यावर घ्यायचा. बारशाचे सारे दोन तास ती पाळण्याच्या पायथ्याशी उभी होती, हात दोनदा धुतलेले होते, आणि पाळण्याची दोरी तिने दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही.